डावीकडचं स्टूल

कवळीवाल्यांना सगळे कवळीवाले म्हणत आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या तोंडात दात बसवण्यात घालवलं होतं. दंतवैद्य नुसता ठसा घेऊन पाठवायचा. पुढचं सगळं कवळीवाल्यांच्या टेबलावर व्हायचं. गुलाबी मेणाची कमान उभी करायची, तिच्यावर दात ओळीनं लावायचे, ओठाला आतून किती आधार द्यायचा ते ठरवायचं. मेणावर पहिली खूण करायची ती चेहऱ्याच्या मधल्या रेघेची. ती रेघ केसभर चुकली तरी माणूस जन्मभर कुणाला तरी वाकुल्या दाखवतोय असा दिसतो, असं ते सांगत. या सवयीमुळे रस्त्यात कुणी भेटलं, की त्या माणसाचं नाक, पुढचे दोन दात आणि हनुवटी एका रेघेत आहेत ना, हे ते आधी बघून घेत. मग नमस्कार करत.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जात असे. घरात नवराही त्यांना बाईच म्हणायचा. सुरुवातीला चिडवण्यासाठी म्हणे, पुढे तेच नाव होऊन बसलं.

हिवाळ्यात एका सकाळी बाईंच्या हातातलं गाळणं पडलं आणि ते उचलायला त्या वाकल्या त्या उठल्याच नाहीत. अर्धांगाचा झटका होता. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून थोडक्यात निभावलं. हात परत आला, पाय आला, बोलणंही आलं, जरा घसरत का होईना. चेहऱ्याची डावी बाजू मात्र जी खाली आली ती आलीच. गाल उतरला, ओठाचा कोपरा ओघळला. डॉक्टरांनी सांगितलं, आता हे असंच राहील. भेटायला येणारे नातेवाईक सोफ्याच्या कडेवर टेकायचे, चहा घ्यायचे आणि उठताना म्हणायचे, "छे, कळतसुद्धा नाही हो."

कवळीवाल्यांना कळत होतं. त्यांना दुसरं काही कळेनासंच झालं होतं. समोर बसलं की डोळे त्या कोपऱ्यावर जात आणि हात शिवशिवत. शेवटी न राहवून त्यांनी बाईंची वरची कवळी घेतली आणि डाव्या बाजूला आतून चांगली जाड करून दिली, म्हणजे गालाला आधार मिळेल. गाल उचलला गेला खरा. पण बाईंना जेवताना गाल चावायला लागला आणि बोलणं असं झालं, की फोनवर लेकीला वाटलं आईला पुन्हा काही झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती काढून नवऱ्याच्या हातात ठेवली.

"मला दात हवेत. टेकू नकोय. मी काय पडायला आलेली भिंत आहे?"

त्यानंतर कवळीवाल्यांनी त्या बाजूला बघणंच सोडलं. माया आटली होती असं मुळीच नाही. गोळ्या तेच काढून देत, केस तेच विंचरून देत, जिना उतरताना हातही तेच धरत. पण सगळं उजवीकडून. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून जेवणाच्या टेबलाशी त्यांनी खुर्ची उजवीकडे घेतली. ऊन तिथेच जास्त येत होतं. सोफ्यावर ते उजवीकडे बसत, रस्त्यानं उजवीकडून चालत. उजवीकडून बाई अगदी पूर्वीच्या बाई होत्या आणि कवळीवाल्यांना तेवढ्यावर निभावून न्यायचं होतं.

भूगोल शिकवलेल्या बाईला दिशा कळत नाहीत असं त्यांना का वाटलं असेल, देव जाणे.

एका दुपारी टेबल आवरताना बाई म्हणाल्या, "महिनाअखेरीस मी लेकीकडे जातेय. राहायलाच."

"राहायला म्हणजे किती दिवस?"

"राहायला म्हणजे राहायला. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. अर्ध्या बाईबरोबर संसार करताय. माझी नात निदान माझा गाल ओढून बघते."

"मी बघतो की."

"बघता? मग सांगा, माझा डावा डोळा पूर्ण मिटतो का?"

कवळीवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाई ताटं घेऊन आत गेल्या.

लेकीनं दोघांचं फोनवर ऐकून घेतलं आणि तिच्या मते मधला मार्ग काढला. दोघं दिवसभर एकमेकांच्या डोळ्यांसमोर असतात म्हणून हे होतंय, असं तिचं निदान. "बाबा, तुम्ही जरा घराबाहेर पडा. हाताला काही काम शोधा," म्हणाली आणि जवळच्या संग्रहालयात चालणाऱ्या रेखाटनाच्या वर्गात त्यांचं नाव घालून मोकळी झाली. कवळीवाले नाइलाजानं गेले. घरात बसलं की बाईंची बॅग आठवायची. ती अजून माळ्यावर होती, पण आता तिचा धाक वाटत होता.

वर्ग पुतळ्यांच्या दालनात भरायचा. दालन लांबट होतं, खिडक्या उंचावर, फरशी गार. सगळे पुतळे प्लास्टरचे, दूरदूरच्या जुन्या दगडी मूर्तींवरून साचे घेऊन केलेले. हे बघून कवळीवाल्यांना जरा बरं वाटलं. ठसा, साचा, प्लास्टर ही त्यांच्या घरचीच मंडळी होती.

शिकवणाऱ्या सरांना विद्यार्थी पाठीमागे खोडरबर म्हणत, कारण वर्गात खोडरबर आणायला बंदी होती. दाराशीच एक डबा ठेवलेला असे, आत शिरताना खोडरबर त्यात टाकायचं. रेघ चुकली तर चुकलेली राहू द्यायची आणि बरोबर रेघ तिच्या शेजारी काढायची. "चूक पुसलीत तर आपण कुठे नव्हतो ते कसं कळणार?" असं सर म्हणत. दुसरा नियम स्टुलांचा. मध्ये एक पुतळा, भोवती गोलात स्टुलं, आणि दर खेपेला प्रत्येकानं एक स्टूल पुढे सरकायचं. त्यामुळे एकाच डोक्याला सगळेजण सगळ्या बाजूंनी काढत. ज्याच्या वाट्याला मागची बाजू येई तो बिचारा सकाळभर अंबाडा काढत बसे.

यंदा मध्ये एका बाईचं डोकं होतं. मान किंचित कललेली, नाकाचा शेंडा जरासा उडालेला, डोळ्यांत बुबुळं नाहीत.

"बाहेरून रेघ ओढायला सुरुवात करू नका," पहिल्याच दिवशी सर म्हणाले. "पुतळ्याला कड नसते. तुम्हाला कड दिसते तिथे तो फक्त वळून पलीकडे गेलेला असतो. तो पलीकडे कसा जातो ते आधी बघा. मग रेघ."

कवळीवाल्यांना हे पटकन समजलं, निदान त्यांना तसं वाटलं. दातसुद्धा असाच वळतो. हात स्थिर होता, नजर मापाची होती, आणि पेन्सिल हात लांब करून धरली की लांबी-रुंदी आपोआप मोजली जायची. शेजारी बसणारी निवृत्त परिचारिका त्यांच्या कागदाकडे बघून उसासे टाकायला लागली. तिच्या कागदावरचं डोकं दर खेपेला बटाट्याकडे झुकत होतं. कवळीवाल्यांनी तिला दोन युक्त्याही सांगितल्या.

मग त्यांची पाळी बरोबर समोरच्या स्टुलावर आली. त्या सकाळी त्यांनी जीव ओतून काढलं. मधली रेघ, डोळ्यांची रेघ, ओठांची रेघ, हनुवटी. डोकं कागदावर असं उतरलं, की परिचारिकेनं आपली पेन्सिल खालीच ठेवली.

सर आले. त्यांनी खिशातून एक दोरा काढला, टोकाला लोखंडी नट बांधलेला. गवंड्याच्या ओळंब्यासारखा तो त्यांनी पुतळ्याच्या चेहऱ्यासमोर धरला.

"बघा."

कवळीवाल्यांनी पाहिलं. मान कलली होती ते धरूनही हिशेब लागत नव्हता. दोरा दोन भुवयांच्या मधून खाली येत होता, पण नाक त्याला सोडून बाजूला गेलं होतं, ओठांचा मध्य आणखी बाजूला. एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली होता. ओठाचा एक कोपरा चक्क ओघळलेला. मग सरांनी तोच दोरा त्यांच्या कागदासमोर धरला. कागदावरची बाई नाकापासून हनुवटीपर्यंत दोऱ्यात बसली होती.

"तुम्ही हिला दुरुस्त केलंत," सर म्हणाले.

"मूर्तिकाराचा हात घसरला असेल."

"असेल. किंवा ती बाई तशी असेल. किंवा मूर्ती उंचावर ठेवून एका अंगानंच बघायची असेल. आपल्याला माहीत नाही. आणि आपल्याला चुका काढायला कुणी बोलावलेलंही नाही. आहे ते कुठे वळतं, एवढंच सांगायचं."

कवळीवाल्यांना राग आला. "चेहऱ्याचं मला सांगता होय? माझा जन्म त्यात गेला."

"म्हणूनच," सर शांतपणे म्हणाले. "चेहरा कसा असायला हवा ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्यामुळे तुम्हाला बघायची गरजच पडत नाही." आणि ते परिचारिकेच्या बटाट्याकडे वळले. त्यावर मात्र ते बराच वेळ खूश दिसले, कारण बटाटा का होईना, तो वाकडा होता.

एकाच महिन्यात दोन माणसांनी, तीही एकमेकांना न ओळखणाऱ्या, तुम्ही बघत नाही म्हणून सांगितलं होतं. दोघंही शिक्षक, हा भाग वेगळा. कवळीवाले घरी जाताना चिडलेले होते, आणि घरापर्यंत पोचेतो घाबरलेले. महिनाअखेर जवळ आली होती. बघायचं म्हणजे बघू, त्यात काय एवढं, असं स्वतःला बजावत ते आत शिरले आणि बाईंना म्हणाले, "बाई, समोर बस. तुला काढतो."

बाईंना नवल वाटलं, बरंही वाटलं. केसांवरून हात फिरवून त्या समोर बसल्या. कवळीवाल्यांनी ठरवून सुरुवात केली. जे आहे ते काढायचं, मध्ये पडायचं नाही. त्यांनी कपाळ काढलं, डोळे काढले, नाक काढलं. डाव्या गालापाशी आले तेव्हा वाईट वाटून डोळे भरून आले, म्हणून ते पेन्सिल भराभर चालवत पुढे गेले. हाताला वाट ठाऊक होती. काढून झाल्यावर त्यांनी कागद लावलेला बोर्ड फिरवला.

बाईंनी चित्र पाहिलं.

"सुंदर आहे. कोण ही?"

"तूच की."

"ही मी होते," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "हिला ठेवा तुमच्याजवळ. तुमचं जमेल हिच्याशी." मग त्या उठल्या, शेजारणीच्या मुलाला हाक मारून त्यांनी माळ्यावरची बॅग खाली काढून घेतली आणि ओल्या फडक्यानं पुसून पलंगावर उघडी ठेवली.

पुढच्या खेपेला वर्गाला जावंसं त्यांना वाटत नव्हतं. पण घरात बॅग होती, म्हणून गेले. वाटेत त्यांचं स्वतःशी भांडण चाललं होतं. हात ऐकत नाही याचा अर्थ काय? मन वाईट आहे असा, की नुसती सवय आहे असा? त्या दिवशी दोघं-तिघं आले नव्हते, म्हणून सरकत सरकत त्यांची पाळी थेट डावीकडच्या स्टुलावर आली. ते बसले.

डावीकडून मधली रेघच दिसत नव्हती. अर्धं नाक, एक डोळा, एक गाल, एक कान. सरळ करायला समोर काही उरलंच नव्हतं. कवळीवाले बसून राहिले. हातात पेन्सिल होती आणि कुठून सुरुवात करायची ते सुचत नव्हतं. असं त्यांचं कामाच्या टेबलावर कधी झालं नव्हतं. शेवटी दुसरा इलाज नव्हता म्हणून ते बघायला लागले.

गालाचं हाड वरचा उजेड घेत होतं. त्याच्याखाली पृष्ठभाग आत जात होता, पण एकदम नाही. जाता जाता थांबत होता, जरा फुगत होता आणि मग जबड्याच्या काठावरून खाली वळत होता. परवा समोरून त्यांना जो ओघळलेला कोपरा वाटला होता, तो इथून कोपराच नव्हता. तिथे गाल ओठाला येऊन मिळत होता, बस्स. एक घडी होती, तिच्या आत सावली होती, सावलीच्या खालून परत थोडा उजेड. कशाच्या तुलनेत खाली? इथे तुलनेला कुणी नव्हतं. त्यांनी एक रेघ काढली, ती चुकली. तिच्या शेजारी दुसरी काढली. सकाळभर त्यांनी अंगठ्याएवढी जागा काढली. उरलेलं डोकं कोरंच राहिलं. तेवढी जागा रेघांनी इतकी भरली होती, की परिचारिकेला त्यात काही दिसेना.

सर मागे येऊन उभे राहिले. "हं," म्हणाले आणि पुढे गेले. वर्गात सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, कारण सर "हं" क्वचित म्हणत.

घरी आले तेव्हा बाई खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. अर्धी बॅग भरली होती. कवळीवाल्यांनी चप्पल काढली, घोटभर पाणी घेतलं, स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल उचललं आणि बाईंच्या डावीकडे नेऊन ठेवलं. बसले. बोर्ड मांडीवर घेतला.

"आता काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. तुझं चालू दे."

गंमत म्हणजे आता मान बाईंचीच वळली. आपोआप, उजवा गाल पुढे. इतके महिने नवऱ्यावर नजर ठेवून होत्या, पण आपल्याही मानेला हे वळण लागलंय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"बाई, हलू नकोस. खिडकीकडे बघ."

बाईंनी मान फिरवली. हातातली घडी तशीच मांडीवर राहिली.

कवळीवाले बघायला लागले. हाडाखाली गाल कुठे वळतो? तो जबड्यावर येऊन टेकतो ती जागा कुठली? डोळ्याची खालची पापणी जराशी बाहेर आली होती, तिच्या आत ओल चमकत होती. ओठ संपत होता तिथून एक खोल घडी हनुवटीकडे गेली होती आणि तिच्या कडेला त्वचा अजूनही तुकतुकीत होती. हे त्यांना नवीन होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या चेहऱ्यावर नवीन काही सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यापाशी हात एकदा रेघ वर उचलायला गेला. त्यांनी तो थांबवला, पुन्हा पाहिलं, आणि रेघ जिथे होती तिथेच ठेवली, खाली.

ऊन खिडकीतून सरकून गेलं. मग बाईंनीच हात पुढे केला.

"द्या."

त्यांनी बोर्ड दिला. बाईंनी तो उजेडाकडे धरला. कागदभर चुकलेल्या रेघा होत्या, एकही पुसलेली नव्हती, आणि त्या रेघांमधून एक उतरलेला गाल स्पष्ट वर आला होता.

"एवढं वाकडं आहे?"

नातेवाईकांचं वाक्य कवळीवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं. ते म्हणणं सोपं होतं.

"हो," ते म्हणाले.

"सगळे म्हणतात कळतसुद्धा नाही."

"कळतं."

बाई चित्राकडे बघत राहिल्या. कवळीवाले त्यांच्या डाव्या गालाकडे बघत होते आणि त्यांना काहीच समजत नव्हतं, कारण तो गाल राग आला तरी हलत नाही आणि हसू आलं तरी हलत नाही. उजवीकडे बसून ते इतके महिने न विचारता सगळं ओळखत आले होते. इथून ओळखायची सोय नव्हती. त्यांना भीती वाटली, खरीखुरी, की हे माणूस आता उठेल आणि जाईल.

"रागावलीस का?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा. बघू दे." बाईंनी एक बोट कागदावरच्या गालावरून फिरवलं, मग तेच बोट स्वतःच्या गालावरून, हाडापासून खाली हनुवटीपर्यंत. "मीसुद्धा आरशात उजवीकडूनच बघते," त्या म्हणाल्या. "आज कळलं कसं आहे ते. मला कुणीतरी सांगायला हवं होतं हो."

फोन वाजला. लेकीचा होता. आईला न्यायला रविवारी यायचं की शनिवारी, एवढंच तिला विचारायचं होतं. बाईंनी बोर्ड मांडीवरून खाली ठेवला नाही.

"इतक्यात नको येऊस. अगं, तब्येतीला काय धाड भरलीय? मी बरी आहे. इथे मला जरा काम लागलंय. कसलं म्हणजे? बसायचं. हो, नुसतं बसायचं." पलीकडून लेक बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मग त्यांनी बोर्ड नवऱ्याच्या हातात दिला आणि चित्रातल्या जबड्याच्या काठावर बोट टेकवलं.

"इथे घाई केलीत," बाई म्हणाल्या आणि मान खिडकीकडे करून बसल्या. "पुन्हा काढा."